हरळी लागलेली पात

परिषदेच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय छापलाय ‘मल्टिकोअर यंत्रांवरील समांतर सिम्युलेशनमधील कार्यभाराचं संतुलन’. आम्ही आपसांत म्हणतो, ‘लोड सारखा बसत नाहीये.’ इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी ओपन-एमपी या काम वाटून देणाऱ्या साधनाची एक ओळ लिहून लूप, म्हणजे तोच हिशेब पुन्हा पुन्हा करणारा कोडचा भाग, कोअरांवर, म्हणजे यंत्रातल्या स्वतंत्र गणकांवर, वाटून टाकलाय, त्यामुळे प्रस्तावना नको. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी मिळेल त्या व्यासपीठावरून सांगते: नकाशाचे चौकोन मोजून वाटले म्हणजे काम वाटलं गेलं, असं होत नाही. काम मोजावं लागतं.

आमचं एक मॉडेल होतं, जुलैतल्या पावसाचं. पश्चिमेला समुद्र, मग कोकण, मग घाटमाथा, मग देश. नकाशावर २४० बाय २४० चौकोन आणि यंत्र सोळा कोअरचं. आम्ही उत्तर-दक्षिण सोळा पट्टे पाडले, प्रत्येकात पंधरा रांगा, आणि एकेका कोअरला एकेक पट्टा दिला. कागदावर याहून चोख वाटणी शोधून सापडणार नाही. तरी मॉडेल रखडायचं. रात्री लावलेलं सकाळी संपलेलं नसायचं.

मी यंत्र सांभाळणाऱ्या विभागाकडे लेखी तक्रार केली. उत्तर आलं: सर्व कोअरचा वापर शंभर टक्के आहे, यंत्रात दोष नाही, तक्रार निकाली. मी स्वतः ‘टॉप’, म्हणजे कोण किती राबतंय ते दाखवणारा प्रोग्राम, लावून पाहिलं. खरंच, सोळाच्या सोळा कोअर शंभरावर. मग दोष आमच्याच कोडमध्ये असणार म्हणून आम्ही तीन आठवडे समीकरणं तपासत बसलो. ते तीन आठवडे मला अजून सलतात, कारण तो शंभराचा आकडा आम्हाला फसवत होता.

झालं होतं असं. मॉडेल काळात पायरीपायरीनं पुढे जातं, आणि अशा प्रत्येक टाइमस्टेपच्या शेवटी बॅरियर, म्हणजे अडसर, असतो. सगळ्यांचं झाल्याशिवाय पुढची पायरी नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका तिसऱ्यांदा मठ्ठा मागवतात आणि आपण हात वाळवत बसतो, हे ज्यांनी सोसलंय त्यांना बॅरियर वेगळा समजवायला नको. पण कोअर नुसता बसत नाही. ‘झालं का? झालं का?’ असं तो अखंड विचारत राहतो, आणि ते विचारणंही ‘टॉप’च्या लेखी कामच.

शेवटी आम्ही बॅरियरच्या अलीकडे आणि पलीकडे घड्याळ लावलं. दर पायरीला तेरा पट्टे प्रत्येकी ०.४ सेकंदात मोकळे होत होते. घाटमाथ्याचे तीन पट्टे दोन-दोन सेकंद घेत होते. कोरड्या स्तंभात, म्हणजे एका चौकोनावरच्या हवेच्या उभ्या खांबात, प्रोग्राम ढग नाही एवढं बघतो आणि पुढे जातो. घाटावर मात्र वारा डोंगर चढतो, हवा गार होते, वाफेचं पाणी होतं. मग थेंब केवढा झाला, किती पडला, किती वाटेतच आटला, वर बर्फ किती, हे थराथराला काढावं लागतं. सगळं काम मिळून ११.२ सेकंदांचं. सोळांत वाटलं तर ०.७ सेकंद पुरायला हवेत. लागत होते २. म्हणजे सोळा कोअर राबवून साडेपाच कोअरच्या आसपास काम निघत होतं.

त्या दिवशी मला आत्याचं शेत आठवलं. भुईमुगाच्या खुरपणीला बायका बांधापाशी ओळीनं बसतात, प्रत्येकीची एक पात. पाती सारख्या रुंदीच्या, पण एखादीच्या पातीत नेमकी हरळी लागते. हरळी उपटून येत नाही. खुरपं खोल घालून मुळासकट काढावी लागते, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा वर. ती बाई मागे पडते. मी लहान होते, माझी पात लवकर संपली की मी बांधावर जाऊन बसायची. आत्या ओरडायची, ‘बसतीस काय? तिची पात पलीकडनं धर!’ पलीकडनं हे महत्त्वाचं. शेजारी जाऊन बसलात तर खुरप्याला खुरपं लागतं. लांबच्या टोकाकडून सुरू करायचं आणि मध्ये कुठेतरी दोघींनी भेटायचं.

आता ऐका. एमआयटीत समांतर प्रोग्रामांसाठी सिल्क नावाची प्रणाली घडली, तिथल्या रॉबर्ट ब्लुमोफ आणि चार्ल्स लायसरसन यांनी १९९४ साली वर्क स्टीलिंगचं, म्हणजे रिकाम्यानं दुसऱ्याचं काम उचलण्याचं, गणित मांडलं. प्रत्येक कोअरची कामांची रांग असते. मालक एका टोकाकडून काम उचलतो, रिकामा झालेला कोअर दुसऱ्या टोकाकडून. कारण तेच, एकमेकांच्या पायात येऊ नये. शिवाय त्या टोकाला सगळ्यात जुनं आणि सहसा सगळ्यात मोठं काम असतं, त्यामुळे एकदा उचललं की बराच वेळ पुरतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आत्याला फोन करावासा वाटला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. पत्रिकेत कबूल केलेलं सगळं आता भराभर.

एक, तुकडे कोअरपेक्षा पुष्कळ जास्त पाडा. आम्ही पट्टे सोडून १५ बाय १५ चे २५६ तुकडे केले, शेड्यूल ‘स्टॅटिक’चं, म्हणजे आधीच ठरलेल्या वाटणीचं, ‘डायनॅमिक’, म्हणजे जो मोकळा होईल त्याला पुढचा तुकडा, असं केलं, आणि दोन सेकंदांचे ०.८ झाले. फार बारीक मात्र करू नका. प्रत्येक तुकडा मागायला वेळ जातो, आणि तुकडा दर वेळी वेगळ्या कोअरवर गेला की त्याचा डेटा आधीच्या कोअरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या झटपट स्मृतीत, राहून जातो.

दोन, भार आधीच माहीत असेल तर मोजायचीही गरज नाही. जागतिक हवामान मॉडेलमध्ये सूर्यप्रकाशाचं गणित फक्त दिवसाच्या बाजूला करावं लागतं. तिथे १८० रेखांश पलीकडचा स्तंभ जोडीला द्या, एक उजेडात तर दुसरा बहुधा अंधारात.

तीन, भार सरकत असेल तर मोजत राहा. इलिनॉय विद्यापीठातले लक्ष्मीकांत काळे यांच्या चार्म++ या समांतर प्रोग्रामिंगच्या प्रणालीचा पाया हाच आहे. मागच्या पायऱ्यांत जो तुकडा जड होता तो पुढच्या काही पायऱ्यांतही बहुधा जडच राहतो, म्हणून मोजमाप पाहून तुकडे हलवायचे. प्रथिनांच्या रेणूंचं सिम्युलेशन करणारं नॅमड त्यावरच उभं आहे. महासंगणकांवरच्या कामासाठी दिल्या जाणाऱ्या गॉर्डन बेल पुरस्कारांत २००२ साली ते होतं.

आणि हे राहूनच जाईल म्हणून घाईत सांगते. डायनॅमिक केल्यावर आमच्या एकूण पावसाचे शेवटचे आकडे दर वेळी वेगळे यायला लागले. दशांश संख्यांची बेरीज संगणकावर क्रम बदलला की किंचित बदलते, आणि कुठला तुकडा आधी संपेल याचा आता नेम नव्हता. प्रत्येक तुकड्याची बेरीज वेगळी ठेवा आणि शेवटी तुकड्यांच्या क्रमांकानंच मिळवा. पात कुणीही काढलेली असो. प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या टेबलापाशी विचारा, मी थांबते आहे.