हायड्रासारखी गुप्त संघटना खरंच टिकू शकते का?

नमस्कार मंडळी! आज 'एजंट्स ऑफ शील्ड' या मार्व्हलच्या मालिकेबद्दल बोलूया. शील्ड म्हणजे त्यातली गुप्तचर यंत्रणा, आणि हायड्रा म्हणजे नाझी काळात वाढलेली तिची शत्रू संघटना. मालिका पाहिली नसेल तर आधी पाहून या, कारण मी सगळं सांगून टाकणार आहे.

पहिला सीझन, सतरावा एपिसोड, एप्रिल २०१४. शील्डचा एजंट कोल्सन याच्या टीममधला भरवशाचा ग्रँट वॉर्ड हायड्राचा माणूस निघतो, आणि अख्खी शील्ड आतून पोखरलेली आहे हे कळतं. तेव्हापासून एकच प्रश्न विचारला जातो: इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि कुणीच तोंड उघडलं नाही?

शंका रास्त आहे. डेव्हिड ग्राइम्स या शास्त्रज्ञाने २०१६ मध्ये असल्या कटांचं गणित मांडलं. चांद्रमोहीम खोटी असती तर सुमारे ४,११,००० लोकांना गप्प बसावं लागलं असतं, आणि चार वर्षांच्या आत बिंग फुटलं असतं.

पण आता इटलीत चला. मार्च १९८१. मिकेले सिंदोना या बँकरच्या प्रकरणाचा तपास सुरू होता. त्यात लिचो जेल्ली नावाच्या माणसाच्या ऑफिसची, अरेत्सोजवळ, झडती झाली आणि एक यादी हाती लागली. 'प्रोपागांदा दुए' या गुप्त मंडळाची, ९६२ नावांची. मंत्री, खासदार, लष्करी अधिकारी, वृत्तपत्राचे संपादक, पुढे पंतप्रधान झालेले बर्लुस्कोनी, आणि देशाच्या गुप्तचर यंत्रणांचे प्रमुखसुद्धा! म्हणजे ज्यांनी हे शोधून काढायचं, तेच यादीत. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि फोर्लानींचं सरकार पडलं.

तेव्हा यंत्रणा वरूनच पोखरली जाते, हा मालिकेचा मूळ धागा मला पूर्ण पटतो. हायड्राच्या झोला या नाझी शास्त्रज्ञाला शील्डनेच कामावर ठेवलं, हेही पटतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑपरेशन पेपरक्लिपमध्ये अमेरिकेने खरोखरच दीड हजारांहून जास्त जर्मन तज्ज्ञ आणले होते, आणि त्यातला रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन एसएस या नाझी दलाचा अधिकारी होता.

खटकतं ते वेगळंच. एका इशाऱ्यावर हजारो लोक 'हेल हायड्रा' म्हणत उठतात, सगळे एकाच ध्येयाने पेटलेले. जेल्लीकडची माणसं अशी नव्हती. कुणाला बढती हवी होती, कुणाला कर्ज, कुणाला वरपर्यंत ओळख.

आणि म्हणूनच वॉर्ड आणि त्याला घडवणारा, शील्डमध्ये लपलेला हायड्राचा गॅरेट, ही जोडी मला मालिकेतली सर्वांत खरी वाटते. गॅरेटला हायड्राच्या ध्येयाशी काही देणंघेणं नाही, त्याला मरायचं नाहीये, बस. वॉर्ड तर हायड्राचा नाहीच, तो गॅरेटचा आहे. पोरवयात कोठडीतून ज्याने बाहेर काढलं, त्याच्यासाठी तो काहीही करेल. असा माणूस फितूर होत नाही, कारण त्याला दुसरं कुणी नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये मात्र हायड्रा हजारो वर्षांपूर्वीचा पंथ होते, परग्रहावर हद्दपार केलेल्या एका जीवाला परत आणणारा. इतकी शतकं, इतक्या पिढ्या, एकच श्रद्धा? नाही पटत. पण त्याच सीझनमध्ये मॅलिक घराण्याची गोष्ट आहे. बळी कोण जाणार हे पिशवीतल्या दगडांवर ठरतं, पांढरा दगड ज्याच्या हाती येईल तो. बापाने पांढऱ्या दगडाला खाच पाडून ठेवलेली, म्हणजे हाताला लागला की सोडून द्यायचा. मुलगा गिडियन याला ते कळतं, तोही तीच लबाडी करतो, आणि बळी जातो त्याचा सख्खा भाऊ. तेवढ्यापुरता तो पंथही मला खरा वाटला.