वाढ साठवून ठेवता येत नाही

श्रोतेहो,

शरीर, मन आणि आत्मा या अंगांनी माणूस वाढतो कसा, हा आजचा विषय आहे, आणि त्याबद्दल मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. आपण वाढीकडे मिळकतीसारखे पाहतो. एकदा कमावली की ती कायमची आपल्या नावावर राहणार, असे धरून चालतो. प्रत्यक्षात वाढ एक तर चालू असते, नाही तर ओसरत असते.

हाडाचेच घ्या. हाड आपल्याला पक्के, न बदलणारे वाटते. पण त्यात जुना भाग विरघळवणाऱ्या आणि नवा भाग घडवणाऱ्या पेशी आयुष्यभर कामाला असतात, आणि किती घडवायचे हे बऱ्याच अंशी त्या हाडावर पडणाऱ्या भारावरून ठरते. हाड भाराप्रमाणे आपली रचना बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. अंतराळात भारच नाहीसा होतो, तेव्हा पुरेसा व्यायाम न केल्यास कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का घटते. अंतराळवीर निवडले जातात तेच धडधाकट म्हणून. तरीही आधी कमावलेले बळ त्यांना पुरत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या काही अशक्त व्यक्तींकडून त्यांनी ८ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम करून घेतला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि व्यायाम थांबवल्यावर ४ आठवड्यांतच कमाल ताकदीचा जवळपास एक तृतीयांश भाग गेला. या एकाच प्रयोगात दोन्ही गोष्टी दिसतात. ‘आता वय झाले’ असे म्हणून वाढीचे दार आपण स्वतःहून लावून घेण्याचे कारण नाही, आणि एकदा ते उघडले म्हणजे काम संपले, असेही नाही.

मेंदूची गोष्ट याहून फार निराळी नाही. तीन चेंडू हवेत आळीपाळीने झेलत ठेवण्याची कसरत तरुण मंडळींनी ३ महिने शिकली, तेव्हा हलत्या वस्तूंचे दृश्य टिपणाऱ्या त्यांच्या मेंदूच्या भागातील करडे द्रव्य, म्हणजे मज्जापेशींनी भरलेला भाग, वाढलेले दिसले. सराव सोडून आणखी ३ महिने गेल्यावर ती वाढ बरीचशी ओसरली. बोगदान द्रागान्स्की आणि सहकाऱ्यांचे हे निरीक्षण २००४ मधले आहे. मनाच्या बाबतीत मला एवढेच जोडायचे आहे की, वाचलेले, ऐकलेले, पाठ केलेले हे सगळे वापरात राहिले तरच आपले राहते. पदवी भिंतीवर राहते. विचार करण्याची सवय मात्र रोजच्या रोज राखावी लागते.

आता आत्मिक वाढीकडे येतो. या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या श्रद्धेप्रमाणे लावतो, आणि त्या वादात मी शिरणार नाही. ईश्वर मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्यालाही पटेल असा अर्थ मी घेतो: ‘मी’ची पकड सैल होत जाणे, दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचणे, आणि राग आला तरी त्याच्या मागे फरफटत न जाणे. हे गुणही साठत नाहीत. दहा वर्षांपूर्वीचा संयम आजच्या भांडणात आपोआप मदतीला येत नाही.

इथे एक मोठा फरक आहे आणि मला त्यावर थांबायचे आहे. शरीर ढासळू लागले की जिना चढताना लागणारा दम ते सांगतो. स्मरण कमी झाले की जिभेवर आलेले नाव अडते आणि आपल्याला कळते. आत्म्याची ओहोटी मात्र अशी कळत नाही, कारण ती चांगले कपडे घालून येते. कोरडेपणा येतो आणि आपण म्हणतो, मी आता व्यवहारी झालो. ऐकून घेण्याची तयारी संपते आणि आपण म्हणतो, मला आता माणसांची पारख आली. कठोरपणाला आपण स्पष्टवक्तेपणाचे नाव देतो. इतरांना हा बदल आपल्या कितीतरी आधी दिसतो. मागे वळून पाहण्याची, आत्मपरीक्षणाची गरज सर्वांत जास्त कुठे असेल तर ती इथे आहे.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी आपली पद्धत लिहून ठेवली आहे. रात्री दिवा गेला, त्यांची सवय ठाऊक असलेली पत्नी शांत झाली, की ते दिवसभराचे बोलणे-वागणे तपासत, स्वतःपासून काहीही न लपवता. त्यांनी दिलेले एक उदाहरण अगदी साधे आहे: कुणाला तरी आपण गरजेपेक्षा जास्त मोकळेपणाने बोललो, त्यामुळे तो माणूस सुधारला नाही, फक्त दुखावला. आणि या तपासणीचा शेवट ते शिक्षेने करत नाहीत. पुन्हा असे करू नकोस, या वेळी क्षमा करतो, असे स्वतःलाच सांगतात.

ही क्षमा मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावाचून आत्मपरीक्षण बिघडते. झालेले तेच ते मनात घोळवत बसणे म्हणजे आत्मपरीक्षण नव्हे; कोळसा उगाळावा तितका काळाच. सूझन नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ महिलेने आपल्या संशोधनातून दाखवले की, अशा घोळवण्याने खिन्नता हटत नाही, उलट लांबते. फरक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. तपासणीतून उद्यासाठी एखादी ठरावीक कृती निघते, म्हणजे अमुक माणसाची माफी मागायची, अमुक बैठकीत आधी ऐकायचे. घोळवण्यातून फक्त ‘मी असाच आहे’ हा निकाल निघतो.

ही तिन्ही अंगे एकमेकांत किती गुंतलेली आहेत, हे इथेच बसून पाहता येईल. मनगटावर दोन बोटे ठेवा, नाडी सापडू द्या. आता सावकाश श्वास घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. श्वास आत जाताना ठोके किंचित जलद होतात, बाहेर पडताना मंदावतात. तरुणांना हे अधिक स्पष्ट जाणवेल. मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचे हे काम आहे. रागाच्या क्षणी दीर्घ उच्छ्वास करा, असे जाणती माणसे सांगत आली, त्याला शरीरातच आधार आहे. रात्रीची झोप अपुरी झाली तर सकाळी संयम कमी पडतो, हेही तुम्ही सर्वांनी अनुभवले असेल. म्हणून थकलेल्या माणसाने आपल्या स्वभावाचा निवाडा करण्याआधी झोपावे.

ज्यांचे काही सुटले आहे, म्हणजे आजारपणात व्यायाम सुटला, संसाराच्या धबडग्यात वाचन सुटले, दुःखात प्रार्थना सुटली, त्यांच्यासाठी अखेरची गोष्ट. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह ते स्वतः पाठ करत आणि काही काळाने पुन्हा पाठ करत. जे आठवेनासे झाले होते, तेही दुसऱ्यांदा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत असे, आणि वाचलेला हा वेळ त्यांनी मोजला. आपल्याला वाटते त्यापेक्षा थोडे अधिक मागे उरलेले असते. पुन्हा सुरुवात करताना जुन्या उंचीशी तुलना करू नका, भार कमी ठेवा, पाने थोडी वाचा, आणि ज्याच्याशी अबोला धरला आहे त्याच्याशी पहिल्या दिवशी दोनच वाक्ये बोला.