फ्रीडरिशचं धुकं

आधी दिसतात बर्फात टाकून दिलेल्या कुबड्या. मग खडकाला टेकून प्रार्थना करणारा माणूस, त्याच्यासमोर फरच्या झाडांपाशी क्रूस, आणि मागे धुक्यात गॉथिक चर्चचे उंच मनोरे.

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश याचं हे हिवाळी निसर्गचित्र १८११च्या सुमाराचं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आकार जेमतेम ३२.५ बाय ४५ सेंटिमीटर, म्हणजे याच्यापुढे अगदी जवळ उभं राहावं लागतं.

या चित्राचा सगळा भाव धुक्यावर उभा आहे. म्हणून ते कसं रंगवलंय, ते नीट पाहू.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात कुंचल्याच्या टोकाने दिलेले बारीक ठिपके. रंग आहे स्मॉल्ट: कोबाल्ट मिसळलेली निळी काच दळून केलेली पूड. तेलात कालवली की ही पूड बरीचशी पारदर्शक होते. उजेड तिच्यातून आत शिरतो, खालच्या फिकट थरावरून परततो, आणि धुकं आतून उजळल्यासारखं वाटतं. त्याच जागी निळ्यात भरपूर पांढरा मिसळून सपाट हात मारला असता, तर रंग खडूसारखा बसला असता आणि चर्चपुढे भिंत उभी राहिली असती.

स्मॉल्ट हाताळायला मात्र कटकटीचा. जाड दळला तर निळा गडद राहतो, पण कण तेलात खाली बसतात. बारीक दळला तर निळाई फिकी पडते. प्रशियन निळा तेव्हा सहज मिळत होता आणि त्याचा थेंबभरही पुरतो. पण इथे त्याच्या जोरदारपणाचा उपयोग नव्हता.

आता चर्चचा पाया शोधा. सापडत नाही. पुढे बर्फातून वर आलेली गवताची पाती एकेक मोजता येतात, फरच्या फांद्या स्पष्ट दिसतात. त्यापलीकडची जमीन मात्र धुक्याने गिळलीय. मधलं अंतर मोजायला काहीच नाही, म्हणून चर्च खरंच तिथे आहे की प्रार्थना करणाऱ्याला दिसतंय, हे ठरवता येत नाही. मनोऱ्यांचा आकार फरच्या शेंड्यांशी जुळतो, त्यामुळे हा संभ्रम आणखी वाढतो. या चित्रातला सर्वांत धाडसी निर्णय हाच, असं आम्हाला वाटतं.

स्मॉल्टची एक खोड काळानुसार उघडी पडते. काचेतलं पोटॅशियम हळूहळू तेलात झिरपतं, निळा करडा होतो आणि तेल स्वतः पिवळसर पडतं. त्यामुळे स्मॉल्ट वापरलेल्या कुठल्याही जुन्या चित्रातलं आभाळ करडं दिसलं, तर चित्रकाराने ते तसंच रंगवलं होतं असं लगेच धरून चालू नये.