बी नाही, तरी फळ

श्रोतेहो, नमस्कार. केळं मोडलं की गरात मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात. तिथे बिया धरायच्या राहून गेल्या. रानकेळ्यात त्याच जागी खड्यासारख्या टणक बिया असतात, गर नावापुरता.

एरवी झाडाचा हिशेब रोकडा. पराग पडला, बी धरली, की ती कोवळी बी ऑक्सिन, जिबरेलिन ही संप्रेरकं सोडते आणि भोवतीचं फळ वाढू लागतं. बी धरलीच नाही तर फूल गळून जातं. त्यामुळे बी घालवणं एक वेळ सोपं. तिच्यावाचून फळ धरायला लावणं, खरी मेख तिथे आहे.

बिनबियांचं कलिंगड घ्या. साध्या कलिंगडात 22 गुणसूत्रं. कोल्चिसीन हे रसायन लावून ती 44 करायची, मग त्या वेलाचा साध्याशी संकर. हाती येतात 33. त्यांच्या जोड्या जुळत नाहीत, बी भरत नाही. जपानच्या हितोशी किहारा यांची ही युक्ती. तरीही फळ फुगायला शेजारी साध्या वेलाचा पराग लागतोच!

जनुक संपादनाने, म्हणजे झाडाच्या जनुकात नेमका बदल करून, हा परागाचा पाशही सुटतो. टोमॅटोत आयएए-9 नावाचं जनुक फुलाला लगाम घालून ठेवतं. परागीभवन होईपर्यंत वाढायचं नाही, अशी ताकीदच. 2017 साली जपानी संशोधकांनी क्रिस्पर या जनुक संपादनाच्या तंत्राने ते जनुक निकामी केलं आणि परागाशिवाय, बियांशिवाय टोमॅटो धरले. गंमत म्हणजे पानांचंही रूप पालटलं. कातरलेली पानं साधी, अखंड झाली. एकाच जनुकाकडे किती कामं असतात, पाहा.

फायदा निव्वळ खाणाऱ्याच्या सोयीचा नाही. कडक उष्म्यात टोमॅटोचा पराग निकामी होतो, फुलं गळतात. परागावर न अडणारं झाड तेव्हाही फळ देऊ शकतं. मला तर हेच जास्त मोलाचं वाटतं.

पण मग पुढच्या हंगामात पेरायचं काय? केळीला मुनवे फुटतात, द्राक्षाची काडी लावता येते. टोमॅटो मात्र बियांवरच चालतो. त्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनी एजीएल-6 हे दुसरंच जनुक निकामी केलं. ती झाडं परागाविना बिनबियांची फळं देतात, आणि परागीभवन झालं तर त्यांना बियाही धरतात.