अवशेषांचा अहवाल आणि वेलीवरचे मित्रकीटक

(सोलापूर येथे द्राक्ष बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बागायतदार मित्रहो,

२०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अवशेष सापडले. त्या हंगामापासून, कोणतेही औषध मारण्याआधी काढणीला किती दिवस उरले ते मोजण्याची सवय आपल्याला लागली. सवय चांगली आहे आणि ती टिकली पाहिजे. मात्र अवशेषांचा अहवाल मण्यात काय उरले एवढेच सांगतो. पानाखाली आणि ओलांड्याच्या, म्हणजे मांडवावर आडव्या धरलेल्या जुन्या फांदीच्या, सालीआड कोण मेले, हे त्यात कुठेच येत नाही. काढणी आटोपल्यावर एप्रिलमध्ये होणाऱ्या खरड छाटणीपासून घड धरण्यासाठीच्या ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत वेलीवर राखायचा घडच नसतो, त्यामुळे या काळातली फवारणी सर्वांत निर्धास्तपणे होते. किडींना खाऊन बागेला मदत करणाऱ्या मित्रकीटकांची पिढी वाढण्याचा काळही नेमका हाच असतो, आणि आज मला याच काळाविषयी बोलायचे आहे.

मिलीबग या वेलीचा रस शोषणाऱ्या किडीपासून सुरुवात करतो. बार्शी, पंढरपूर, उत्तर सोलापूर, कुठल्याही तालुक्यातल्या जुन्या बागेत ओलांड्याची सुटी साल उचलली, की तिच्याखाली पांढऱ्या कापसासारखे पुंजके दिसतात. एका मादीच्या पिशवीत शेकडो अंडी असतात. त्या पुंजक्यांत कधीकधी एक मोठी, लांब पांढऱ्या मेणतंतूंची अळी फिरताना दिसते आणि मजूर तिला ‘मोठा मिलीबग’ समजून चिरडतात. ती मिलीबग खाणाऱ्या क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी असते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियातला. भारतात तो १८९८ मध्ये आणला गेला. मिलीबगची मादी जेमतेम तीन मिलिमीटरची आणि सुस्त असते, तर ही अळी पूर्ण वाढीला एक सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि झपाझप चालते. तिचा प्रौढ भुंगेरा गडद रंगाचा असतो, डोके व मान नारिंगी. हा फरक मजुरांना प्रत्यक्ष वेलीवर दाखवा. माझ्या मते एका फवारणीच्या खर्चापेक्षा त्या अर्ध्या तासाचे मोल जास्त आहे.

आता औषधांकडे येऊ. मिलीबगवर आपण बुप्रोफेझिन वापरतो. ते प्रौढ भुंगेऱ्याला सहसा मारत नाही, म्हणून ‘सुरक्षित’ म्हणून त्याची ओळख झाली आहे. परंतु हे औषध कीटकाच्या कात टाकण्याच्या क्रियेत अडथळा आणते, आणि कात भुंगेऱ्याच्या अळीलाही टाकावी लागते. मोठे भुंगेरे बागेत दिसत राहतात, त्यांची पुढची पिढी मात्र उभी राहत नाही, आणि महिन्याभराने ‘भुंगेरे होते, तरी मिलीबग वाढलाच’ असे आपण म्हणतो.

मुळांतून किंवा पानांतून रसात शिरणाऱ्या औषधांचे दुखणे आणखी खोल आहे. मिलीबग जो चिकटा, म्हणजे गोड चिकट द्रव, सोडतो, तो आपल्याला घड खराब करणारा वाटतो, पण मिलीबगच्या अंगात अंडी घालून त्याला संपवणाऱ्या अॅनागायरससारख्या परोपजीवी माशीचे ते अन्न असते. २०१९ साली स्पेनमध्ये संत्रावर्गीय झाडांवर झालेल्या एका अभ्यासात थायामेथोक्झाम व इमिडाक्लोप्रिड दिलेल्या झाडांवरील मिलीबगच्या चिकट्यातून ही औषधे मित्रमाश्यांपर्यंत पोहोचल्याचे आणि त्यांना मारक ठरल्याचे दिसले. तो अभ्यास द्राक्षावरचा नव्हता, हे खरे. पण वाट तीच आहे. फवारा अंगावर पडला नाही म्हणून माशी वाचली, असे धरून चालता येत नाही.

पानांचा रस शोषणाऱ्या लाल कोळी या सूक्ष्म किडीच्या बाबतीत सोलापूरचे हवामानच तिच्या बाजूचे आहे. उष्ण, कोरडी हवा आणि रस्त्याकडेच्या ओळींवर बसणारी धूळ त्याला मानवते, आणि तीस अंशांच्या आसपास त्याची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. त्याला खाणारे परभक्षी कोळी पानाच्या मागच्या बाजूला शिरेलगत असतात. भिंगातून पाहिले तर ते लाल कोळ्यापेक्षा चपळ आणि थेंबासारखे चकचकीत दिसतात. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी ते मरतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी पुन्हा पुन्हा मारलेले मॅन्कोझेब आणि भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी वाढीव मात्रेत मारलेले गंधक हेही त्यांना घातक ठरते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. बुरशीनाशक कीटकांना काही करत नाही, ही समजूत आता सोडायला हवी.

मग करायचे काय? औषधे बंद करा, असे मी म्हणणार नाही; पावसात केवडा आला तर कोणीही बागायतदार हातावर हात ठेवून बसणार नाही. पण खरड छाटणीनंतर सगळ्या बागेवर ब्लोअर, म्हणजे फवारणी यंत्र, फिरवण्याऐवजी मिलीबग असलेल्या वेलींना फीत बांधून तेवढ्याच वेलींच्या ओलांड्यांवर औषध द्या. सुटी साल काढून बागेबाहेर जाळण्याआधी तिच्यावर फुगीर, तपकिरी, गोल भोक पडलेले मिलीबग आहेत का, ते पाहा. ते परोपजीवी माशीने संपवलेले असतात, आणि ते भरपूर दिसले तर त्या वेलीवर औषध लांबवता येते.

मुंग्यांकडे तर खास लक्ष द्या. चिकट्यासाठी त्या मिलीबगची राखण करतात आणि भुंगेरा व माशी दोघांनाही हाकलतात. खोडाभोवती मुंग्यांची रांग असताना भुंगेरे विकत आणून सोडणे म्हणजे पैसे मातीत घालणे आहे. आधी वारुळांचा बंदोबस्त करा.

दोन ओळींमधली जमीन तणनाशकाने बारमाही उघडी ठेवण्याची पद्धतही मला खटकते. बांधावर किंवा काही ओळींत चवळी, कोथिंबीर, बडीशेप फुलावर येऊ दिली तर माश्यांना मध आणि पराग मिळतो, शिवाय धूळही कमी उडते. पाण्याची टंचाई मी विसरलेलो नाही. म्हणूनच सगळी बाग नको, एक कडेची ओळ पुरे.

याच जिल्ह्यातल्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षजातीतून लांबट मण्यांची निवड करून ‘सोनाका’ ही जात दिली. हजारो घडांमधला एक वेगळा घड ओळखणारी ती नजर आता पानाच्या मागच्या बाजूलाही लागली पाहिजे. येत्या खरड छाटणीनंतर दर आठवड्याला बागेच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली मिळून वीस पाने भिंगाखाली पाहा, शत्रू आणि मित्र दोन्ही मोजून वहीत लिहा, आणि औषधाच्या दुकानात जाताना ती वही सोबत न्या.