घराएवढाच फोटो

(दृश्य : मे महिन्यातील सकाळ, सातची वेळ. जुन्या पेठेतील अरुंद बोळ. खांद्यावर ट्रायपॉड घेतलेला छायाचित्रकार एका दगडी घरासमोर थांबतो.)

सोलापुरात विक्रीला निघालेले घर गिऱ्हाईक आता पहिल्यांदा पाहते ते उंबरा ओलांडून नव्हे, तर मोबाइलवर, आणि पुष्कळदा ते पाहणारा माणूस सोलापुरात नसतोच. नोकरीसाठी पुण्याला किंवा हैदराबादला गेलेला मुलगा आईवडिलांसाठी शहराच्या जुळे सोलापूर या उपनगरात सदनिका शोधत असतो. रात्रीच्या जेवणानंतर तो फोटो चाळतो, त्यांतली तीन-चार घरे निवडतो आणि रविवारची गाडी धरून ती पाहायला येतो. त्याची ही खेप कामी येणार की वाया जाणार, हे फोटो काढणाऱ्याने कोणती लेन्स वापरली होती यावर बरेचसे ठरलेले असते.

बहुतेक मोबाइलमध्ये ‘०.५’ असे लिहिलेली एक लेन्स असते. ती एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १२० अंशांचा परिसर टिपते, त्यामुळे दहा बाय दहाची खोली लग्नाच्या पंगतीला पुरेल एवढी मोठी वाटू लागते. घराचे फोटो काढणारा जाणता छायाचित्रकार शक्यतो २४ मिलिमीटरच्या लेन्सवर थांबतो, कारण तिचा कोन ८४ अंशांचा असतो आणि भिंती जागच्या जागी राहतात. खोली अगदीच लहान असेल तर तो थोडा रुंद जातो, पण त्यापलीकडे जात नाही. खोली खरोखर रुंद पकडली आहे की ताणली आहे, हे ओळखण्याची सोलापुरी युक्ती सोपी आहे. येथल्या घरात पलंगावर जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर हमखास असते. तिच्या काठाचे सरळ पट्टे फोटोच्या कडेला तिरपे होऊन लांबत गेलेले दिसले, तर खोलीही तेवढीच ताणली गेली आहे असे समजावे.

(दृश्य : घराचा दर्शनी भाग. कोवळे ऊन दगडी भिंतीवर तिरपे पडले आहे.)

हे घर पूर्वमुखी आहे, म्हणून समोरचा फोटो सकाळीच घ्यायचा. ऊन तिरपे असताना दगडाचा प्रत्येक टाका, चौकटीवरचे कोरीवकाम आणि पायरीची झीज उठून दिसते, आणि नऊ वाजून गेले की तीच भिंत सपाट, पांढुरकी दिसू लागते. पश्चिममुखी घरासाठी संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. उत्तरमुखी घराची अडचण वेगळीच असते. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरत असल्याने त्या घराच्या दर्शनी भिंतीवर ऊन येतच नाही, तेव्हा ढगाळ दिवस निवडणे किंवा जून महिन्यातल्या सकाळ-संध्याकाळची वाट पाहणे, एवढेच हाती उरते.

समोरचा फोटो झाला, तरी छायाचित्रकार सामान आवरत नाही, कारण हे माळवदाचे घर आहे. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा थर, अशा या घराला रस्त्याकडून खिडकी जवळजवळ नसते. उजेड येतो तो दारातून आणि छताला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, म्हणजे साण्यातून. सकाळी नऊला आतली खोली कॅमेऱ्याला नुसती काळी दिसते. अशा वेळी फ्लॅश मारण्याचा मोह होतो, पण फ्लॅशने तुळयांच्या कडक सावल्या पडतात आणि शंभर वर्षांचे लाकूड प्लायवुडसारखे दिसू लागते.

म्हणून थांबायचे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते आणि सोलापूर त्याच्या पश्चिमेला, ७६ अंशांच्या किंचित अलीकडे आहे, त्यामुळे येथे मध्यान्ह बाराला नव्हे, तर साधारण साडेबाराच्या सुमारास होते. त्यातही मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य सोलापूरच्या थेट डोक्यावर येतो.

(दृश्य : निवेदन काही क्षण थांबते. साण्यातून उतरलेला उन्हाचा झोत, त्यात तरंगणारी धूळ.)

उन्हाचा हा चौकोन बरोबर साण्याखालीच, शहाबादी फरशीवर उतरला आहे. फरशी सकाळी पुसून पूर्ण वाळू दिली आहे, कारण ओली राहिली तर तिथे पांढरा डाग उमटतो. फरशीवर आपटलेला उजेड तुळयांच्या खालच्या अंगाला जाऊन भिडतो आणि एरवी कधीच न दिसणारी त्यांची रंधलेली बाजू दिसू लागते. कॅमेरा ट्रायपॉडवर सुमारे चार फुटांवर, अगदी समपातळीत लावलेला आहे. तो वर किंवा खाली कलला, तर खांब एकमेकांवर रेलल्यासारखे दिसतात. एकाच जागेवरून तीन फोटो घेतले जातात : एक नेहमीचा, एक दोन स्टॉप उजळ, म्हणजे चौपट उजेडाचा, आणि एक दोन स्टॉप गडद, म्हणजे पाव उजेडाचा. मग संगणकावर ते असे जुळवले जातात, की झोतही भडक दिसत नाही आणि कोपरेही काळे पडत नाहीत.

या साऱ्या काळात पंखा बंद ठेवावा लागतो, कारण अर्ध्या सेकंदाच्या फोटोत फिरते पाते म्हणजे नुसता धूसर चट्टा असतो. बाहेर पारा ४२ वर गेलेला असताना घरच्या आजींना हे पटवून देणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, असे आमचे मत झाले.

(दृश्य : होटगी रस्त्यावरील दोन बीएचके सदनिका.)

सदनिकेत काम सोपे असते, मात्र आवराआवर फार. भिंतीवरचे कॅलेंडर आधी उतरवावे. त्यावर मागची दिवाळी दिसली, की घर किती महिने पडून आहे ते गिऱ्हाइकाला कळते आणि भाव तिथेच पडतो. कुटुंबाचे फोटो, औषधांच्या चिठ्ठ्या आणि किल्ल्यांचा जुडगा फ्रेममध्ये येऊ देऊ नये, कारण हे फोटो अनोळखी माणसांच्या हाती जाणार असतात. देवघराचा फोटो घेण्याआधी घरच्यांना विचारावे. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकाच वेळी लावली, तर एक भिंत हळदीची आणि दुसरी चुन्याची दिसते, म्हणून दिवसा दोन्ही बंदच बरे.

नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींना कायद्याचाही धाक आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १२ नुसार, जाहिरातीतल्या खोट्या किंवा चुकीच्या माहितीवर विसंबून गिऱ्हाइकाचे नुकसान झाले, तर विकसकाला भरपाई द्यावी लागते, आणि ऑगस्ट २०२३ पासून महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. जुने घर विकणाऱ्यावर असे बंधन नाही. तिथे फोटो काढणाऱ्याची नियत तेवढी राखणदार असते.

(दृश्य : संध्याकाळ. पूर्व भागातील घर, शेजारीच यंत्रमागाचे शेड.)

या घराच्या मालकाला शेड फोटोत नको होते, कारण तिथे सगळीकडे सुताचा भुगा बसलेला आहे. छायाचित्रकाराने मात्र तेच आधी टिपले. या भागात घर घेणारा पुष्कळदा माग टाकायला जागा शोधत असतो, आणि त्याला दिवाणखान्याच्या पडद्यांपेक्षा शेडची उंची व विजेची जोडणी पाहायची असते.

त्यानंतर त्याने अंगणातल्या हौदाचे झाकण उघडायला सांगितले. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे येथले गिऱ्हाईक दारात पाय ठेवताच पहिला प्रश्न पाण्याचाच विचारते, तरीही घरांच्या जाहिरातीत हौदाचा फोटो क्वचितच असतो. हौदात टेप सोडून खोली मोजली गेली, साडेसहा फूट भरली. टेपवरचा आकडा वाचता येईल असा एक फोटो घेतला गेला, आणि मग गच्चीवरच्या टाकीचा फोटो मावळतीच्या आत व्हावा म्हणून सगळे घाईने जिना चढू लागले.