फुग्याने उघडलेली रक्तवाहिनी

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यात हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. अँजिओप्लास्टीच्या, म्हणजे बारीक नळीतून फुगा नेऊन हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याच्या उपचाराच्या, संमतीपत्रावर सही करताना नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, शंभर टक्के यश मिळेल ना?"

वेळ ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत 100 पैकी 95 हून अधिक वेळा रक्तवाहिनी उघडते. मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. हार्ट अटॅक सुरू असताना करावी लागली, तर धोका अर्थातच वाढतो. पण वाहिनी उघडणं आणि ती उघडी राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

16 सप्टेंबर 1977 रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी 38 वर्षांच्या रुग्णाच्या हृदयधमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. ती धमनी दहा वर्षांनीही उघडी होती. सगळे एवढे नशीबवान नव्हते. फुगा फुगला की आतला थर थोडा चिरतो, त्याशिवाय जागाच होत नाही. ती जखम भरताना आत वण वाढतो. नुसत्या फुग्याच्या काळात 30 ते 40 टक्के रुग्णांची वाहिनी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. काहींची तर टेबलावरच बंद पडायची, म्हणून बायपासचे सर्जन तयार ठेवलेले असत. 1986 मध्ये वाहिनी आतून उघडी धरणारी बारीक जाळी, म्हणजे स्टेंट आला, पुढे औषध लावलेला स्टेंट आला, आणि हे प्रमाण खूप घटलं. मधुमेहींनी मात्र जास्त सावध राहावं.

मनगटातून नळी घातली तर रक्तस्राव कमी होतो. वाहिनी एक्स-रेत दिसावी म्हणून सोडलेल्या रंगद्रव्याचा किडनीला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणी करतो.

मला खरी काळजी असते ती घरी गेल्यावरची. घोडबंदर रोडला राहणारे एक काका, स्टेंट बसवून दोनच महिने झालेले. दाढ काढायची म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या. पाचव्या दिवशी स्टेंटमध्ये गुठळी झाली. काका वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा कमकुवत झाला. दाढ दुखत असेल तर जरूर काढा, फक्त गोळीला हात लावण्याआधी आम्हाला एक फोन करा.

आणि छातीत पुन्हा तसंच दुखलं, घाम फुटला, तर मुलाच्या स्कूटरवर मागे बसून निघू नका. 108 ला फोन लावा.